कॅल्क्युलेटरवर इंटिग्रल: पोट्टे नेहमी विचारतात ते प्रश्न

नागपुरात इंजिनिअरिंगच्या पोरांना गणित शिकवता शिकवता बरीच वर्षं झाली, आणि दर सेमिस्टरला पेपरच्या आठ दिवस आधी फोनवर तेच ते प्रश्न येऊन राहिले म्हणून एकदाचं सगळं टाइप करून ठेवतोय. जमेल तसं वाचा. प्रश्न पोरांनी जसे विचारले तसेच ठेवलेत, मी फार इस्त्री केलेली नाही.

दादा, कॅल्क्युलेटर इंटिग्रेशन करतो म्हणजे नेमकं करतो काय? त्याला फॉर्म्युले पाठ असतात का?

नाही ना भाऊ. तुम्ही लोकं वहीत बाय पार्ट्स, सबस्टिट्यूशन वगैरे करता, त्यातलं साध्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरला काहीही येत नाही. त्याला फंक्शनसुद्धा दिसत नाही, त्याला फक्त ठिपके दिसतात. तो दोन लिमिटच्या मध्ये (जिथून जिथपर्यंत आलेखाखालचं क्षेत्रफळ, म्हणजे इंटिग्रल, हवं) काही जागा निवडतो, प्रत्येक जागी फंक्शनची किंमत काढतो, प्रत्येक किमतीला काहीतरी वजन देतो आणि बेरीज मारतो. बस. दोन ठिपक्यांच्या मधे काय चाललंय हे त्याला माहीत नसतं, तो गृहीत धरतो की मधे सगळं शांत, गुळगुळीत असेल. हे एकदा डोक्यात बसलं की खालचे अर्धे प्रश्न तुमचे तुम्हीच सोडवाल.

आणि काही इंटिग्रल असे असतात की कागदावर निघतच नाहीत. ई चा घात उणे एक्स वर्ग, म्हणजे ई^(−एक्स²), याचं इंटिग्रल नेहमीच्या फंक्शनमध्ये लिहिताच येत नाही, तुम्ही कितीही हुशार असा. तिथे कॅल्क्युलेटर ठिपकेच मोजतो, ० ते १ मध्ये उत्तर ०.७४६८२४१ येतं.

ट्रॅपेझॉइडल आणि सिम्पसन यात फरक काय, दोन्ही एकच वाटते.

एक उदाहरण हाताने करून बघा, मग वाटणार नाही. ४ ÷ (१ + एक्स²) याचं ० ते १ इंटिग्रल घ्या. खरं उत्तर पाय आहे, म्हणजे ३.१४१५९२७, त्यामुळे आपण किती चुकलो ते लगेच कळतं. मी सगळ्यांना हेच देतो.

चार भाग करा, म्हणजे एच (एका भागाची रुंदी) = ०.२५ आणि ठिपके पाच. किमती येतात ४, ३.७६४७०६, ३.२, २.५६ आणि २.

ट्रॅपेझॉइडल म्हणतो दोन ठिपके सरळ रेषेने जोडा. पहिला आणि शेवटचा अर्धा, मधले पूर्ण, सगळ्याला एच ने गुणा. (२ + १ + ३.७६४७०६ + ३.२ + २.५६) × ०.२५ = ३.१३११७६५. दुसऱ्याच दशांश स्थळाला बोंब.

सिम्पसन म्हणतो रेषेने कशाला, तीन-तीन ठिपक्यांतून पॅराबोला काढा. त्यामुळे वजनं १, ४, २, ४, १ अशी होतात आणि बाहेर एच ÷ ३. म्हणजे (४ + २ + ४ × ६.३२४७०६ + २ × ३.२) ÷ १२ = ३.१४१५६८६. पाच ठिपके तेच, मेहनत जवळपास तीच, आणि चूक ०.००००२४. वजन बदललं फक्त.

आता गंमत बघा. दोनच भाग केले असते तर ट्रॅपेझॉइडलचं उत्तर ३.१ येतं. चार भागांचं ३.१३११७६५. या दोघांचं (४ × दुसरं − पहिलं) ÷ ३ करा. ३.१४१५६८६. तेच सिम्पसनचं उत्तर! दोन मठ्ठ उत्तरांमधून एक हुशार उत्तर निघालं, कारण ट्रॅपेझॉइडलमध्ये भाग दुप्पट केले की चूक साधारण एक चतुर्थांश होते, म्हणून ती चूक कापून टाकता येते. हेच परत परत करत गेलं की त्याला रोम्बर्ग म्हणतात, १९५५ ची पद्धत आहे. पोरं रोम्बर्गचा तक्ता पाठ करतात पण तो कुठून आला ते विचारलं की छताकडे बघतात.

सिम्पसनला भाग समच का लागतात?

कारण एक पॅराबोला दोन पट्ट्या, म्हणजे दोन भाग, खातो. पाच पट्ट्या असतील तर एक उपाशी राहते. पेपरात विषम आले तर शेवटच्या तीन पट्ट्यांना सिम्पसनचाच ३/८ चा नियम लावा (तो तीन पट्ट्या एकदम घेतो) आणि बाकीच्यांना १/३ चा, म्हणजे वरचा एच ÷ ३ वाला, किंवा एका पट्टीला ट्रॅपेझॉइडल लावून मोकळे व्हा, पण मग अचूकता त्या एका पट्टीमुळे जाते. सर्व्हेच्या पुस्तकात हेच उलटं लिहिलेलं असतं, 'ऑर्डिनेटची (म्हणजे ठिपक्यांवरच्या किमतींची) संख्या विषम हवी'. गोष्ट एकच आहे, भाग सम म्हणजे ठिपके विषम. यावर दरवर्षी कोणीतरी गोंधळतोच.

हा सिम्पसन कोण?

थॉमस सिम्पसन, इंग्लंडचा, १७१० चा जन्म, विणकराच्या घरचा. पण नियम त्याने शोधला नाही, तो आधीपासून होता. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६१५ मध्ये दारूच्या पिंपांवर आख्खं पुस्तक लिहिलंय. झालं असं की १६१३ मध्ये त्याचं दुसरं लग्न झालं, घरासाठी वाइनची पिंपं घेतली, आणि विकणाऱ्याने एक काठी तिरपी पिंपात घालून किती ओली झाली ते बघून भाव सांगितला. केप्लरला ते पटलं नाही. पिंपाचं आकारमान टोकाचं क्षेत्रफळ, मधल्या क्षेत्रफळाची चौपट आणि दुसऱ्या टोकाचं असं धरून काढायचं, हे तिथूनच आलं, म्हणून जर्मन लोकं अजून त्याला पिंपाचा नियमच म्हणतात. मधल्याला चौपट! आपली पोरं १, ४, १ पाठ करतात ते वाइनच्या पिंपातून आलंय हे ऐकून मागच्या बाकावरचे पण जागे होतात.

ट्रॅपेझॉइडल तर त्याहून जुना. बॅबिलोनच्या मातीच्या पाट्या आहेत, इसवी सनाच्या आधी ३५० ते ५० च्या दरम्यानच्या, त्यात गुरू ग्रह ६० दिवसांत आकाशात किती सरकला ते काढलंय. पहिल्या दिवशी वेग १२ मिनिटं (अंशाची मिनिटं, घड्याळाची नाही), साठाव्या दिवशी ९.५. सरासरी १०.७५, गुणिले ६०, उत्तर १० अंश ४५ मिनिटं. हा शुद्ध ट्रॅपेझियमच आहे, २०१६ मध्ये हे वाचून छापून आलं.

माह्याकडे ९९१ईएस प्लस आहे, मित्राकडे जुना ९९१एमएस. दोघांचं उत्तर काहून वेगळं येते?

कारण आतली पद्धतच वेगळी आहे. कॅसिओच्या एमएस मध्ये सिम्पसन आहे. तिथे एक्सप्रेशन, खालची लिमिट, वरची लिमिट आणि शेवटी एक आकडा एन टाकता येतो, १ ते ९, आणि तो २ च्या घातात जातो. ६ टाकलं तर ६४ भाग, ९ टाकलं तर ५१२. पोरं ते एन म्हणजे भागांची संख्या समजतात आणि १० टाकून एरर आला की कॅल्क्युलेटर आपटतात.

ईएस मध्ये गाउस-क्रोनरॉड. तिथे भाग नाही विचारत, टॉलरन्स (किती चूक चालेल तो आकडा) विचारतो, तेही लाइन मोडमध्ये (सगळं एका ओळीत लिहायचं तो मोड) असलात तर. नाही दिला तर १×१०^−५ धरतो. तो स्वतःच ठरवतो की कुठे पुरे.

हे गाउस-क्रोनरॉड काय प्रकरण आहे? सिलॅबसमध्ये नाही.

सिलॅबसमध्ये गाउस असतो बऱ्याच ठिकाणी, क्रोनरॉड नसतो. सिम्पसनमध्ये ठिपके समान अंतरावर ठेवायचेच असं आपण ठरवून टाकतो. गाउस, जर्मन गणितज्ञ, म्हणाला जागासुद्धा मलाच निवडू द्या. फक्त दोन ठिपके घ्या, ० ते १ मध्ये ०.२११३२५ आणि ०.७८८६७५, आणि आपलं पायवालं फंक्शन लावा. किमती ३.८२९००४ आणि २.४६६०७८. सरासरी घ्या, ३.१४७५४१. दोन ठिपक्यांत! वर ट्रॅपेझॉइडलने पाच ठिपके खाऊन याच्यापेक्षा वाईट उत्तर दिलं होतं. तीन ठिपके घेतले तर ३.१४१०६८ येतं.

पण गाउसची एक अडचण, तीन ठिपक्यांवरून पाचवर गेलं की मधला सोडला तर जुने वाया जातात, जागा सगळ्या बदलतात. मग उत्तर बरोबर आहे की नाही हे तपासायला दुप्पट मेहनत. १९६० च्या दशकात अलेक्झांडर क्रोनरॉड नावाच्या सोव्हिएत गणितज्ञाने युक्ती काढली की गाउसचे जुने ठिपके तसेच ठेवायचे आणि मधेमधे नवे घालायचे, अशा जागी की मिळून जास्त अचूक उत्तर येईल. ७ आणि १५ ची जोडी प्रसिद्ध आहे. ७ चं उत्तर आणि १५ चं उत्तर यात फरक कमी असेल तर पुरे, जास्त असेल तर तुकडे करून परत. एका कामात उत्तर पण मिळालं आणि उत्तरावर किती भरवसा ठेवायचा ते पण. मला स्वतःला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सगळ्यात सुंदर वाटते.

साईन एक्सचं ० ते पाय उत्तर २ यायला पाहिजे, माह्याकडे ०.०८६१ आलं. कॅल्क्युलेटर खराब झाला का?

डिग्री मोड. शंभर टक्के डिग्री मोड. कॅल्क्युलेटर बिचारा ० ते ३.१४ डिग्री मधला साईन जोडून राहिला आणि तिथे साईन जवळपास शून्यच असतो. रेडियनला टाका, २ येईल. हा ०.०८६१ आकडा लक्षात ठेवा, दिसला की बघायचंच नाही, आधी मोड बदलायचा.

मी स्वतः सेकंड इयरला फोरियर सिरीजचे सगळे कोएफिशियंट डिग्री मोडमध्ये तपासले आणि वहीतली बरोबर उत्तरं खोडून चुकीची लिहिली होती, तेव्हापासून माझा हात आधी स्क्रीनवरच्या मोड दाखवणाऱ्या छोट्या अक्षराकडे जातो. त्या पेपरबद्दल जास्त बोलत नाही.

कॅल्क्युलेटर साफ चुकीचं उत्तर देऊ शकतो का? एरर न दाखवता?

आरामात. आणि तेच खरं धोक्याचं आहे, एरर आला तर आपण सावध तरी होतो.

साईन² (४ एक्स) हे ० ते पाय घ्या. खरं उत्तर पाय ÷ २, म्हणजे १.५७०८. आता हाताने चार भाग करून ट्रॅपेझॉइडल लावा. ठिपके ०, पाय/४, पाय/२, ३ पाय/४, पाय. प्रत्येक ठिकाणी ४ एक्स हा पायच्या पटीत येतो, साईन शून्य. उत्तर शून्य! सिम्पसन लावा, तरी शून्य. फंक्शन मधे उड्या मारून राहिलं आणि आपण नेमके ते जमिनीवर असताना डोळे उघडले.

दुसरं, ई^(−एक्स²) चं ० ते १००० घ्या, कोणीतरी 'इन्फिनिटीच्या जवळ' म्हणून हजार टाकतोच. खरं उत्तर ०.८८६२. सिम्पसनने ६४ भाग केले तर एच येतो १५.६२५, म्हणजे शून्यावर किंमत १ आणि पुढच्याच ठिपक्यावर जवळपास शून्य. उत्तर येतं ५.२०८३. ५१२ भाग केले तरी ०.७०८. सगळा माल पहिल्या तीन युनिटमध्ये आहे आणि ठिपके हजारभर पसरलेत. फुटाळा तलावाच्या काठावर एका जागी गर्दी आहे आणि तुम्ही सगळ्या शहरात दर दोन किलोमीटरवर एक माणूस मोजायला उभा केला, तसं.

मग इन्फिनिटी लिमिट असेल तर काय टाकायचं?

जिथे फंक्शन मेलं तिथे थांबायचं. ई^(−एक्स²) ला ५ पुरे, कारण ई चा घात −२५ म्हणजे १० च्या −११ घाताच्या आसपास, त्यापुढचं स्क्रीनवर दिसणार पण नाही. ० ते ५ टाका, ०.८८६२२६९ येतं. लिमिट मोठी घेतली की उत्तर जास्त बरोबर येतं हा गैरसमज आहे, अति मोठी घेतली की उलट बिघडतं.

पण फंक्शन हळूहळू मरत असेल, १ ÷ (१ + एक्स²) सारखं, तर कापून भागत नाही. हजारावर कापलं तरी शेपटीत ०.००१ उरतोच. तिथे एक्स = टी ÷ (१ − टी) असं बदला, लिमिट ० ते १ होतात, आणि डीएक्सच्या जागी डीटी ÷ (१ − टी)² लिहायला विसरू नका. विसरतातच.

वर्गमूळवालं इंटिग्रल असलं की सिम्पसनचं उत्तर काहून बिघडते?

√एक्स, ० ते १. उत्तर २/३. चार भागांत सिम्पसन देतो ०.६५६५, म्हणजे चूक ०.०१, जो माणूस पायला चार दशांश बरोबर देत होता तोच. कारण शून्यावर √एक्स उभा उठतो, तिथे चढ अनंत आहे, आणि पॅराबोला इतका उभा उठू शकत नाही. पुस्तकात सिम्पसनच्या चुकीचा फॉर्म्युला असतो ना, (बी − ए) × एच⁴ ÷ १८० गुणिले चौथा डेरिव्हेटिव्ह, तो चौथा डेरिव्हेटिव्हच इथे फाटतो.

उपाय सोपा, एक्स = टी² करा. मग आत २ टी² उरतं, आणि त्यावर सिम्पसन दोनच भागांत अगदी २/३ देतो. वर्गमूळ दिसलं की हात आपोआप हे करायला गेला पाहिजे. त्याच फॉर्म्युल्यामुळे घनापर्यंतचं कुठलंही पॉलिनोमियल सिम्पसनला चोख जमतं, एक्स³ चं ० ते २ दोन भागांत करा, (० + ४ + ८) ÷ ३ = ४, बरोब्बर. पॅराबोला लावून क्यूबिक बरोबर येणं हे फुकटात मिळालेलं आहे.

एचपीच्या लोकांनी १९७९ मध्ये ३४सी नावाचा कॅल्क्युलेटर काढला, इंटिग्रेशनचं बटण असलेला पहिला खिशातला कॅल्क्युलेटर, आणि त्याचं गणित विल्यम कहान यांनी बसवलं होतं, ज्यांना नंतर ट्युरिंग अवॉर्ड (कॉम्प्युटर सायन्समधला मोठा पुरस्कार) मिळालं. त्यांनी आतमध्ये गुपचूप असंच एक सबस्टिट्यूशन करून ठेवलं होतं, ठिपके समान अंतरावर नाहीत आणि टोकावर तर ठिपकाच नाही. त्यामुळे टोकावर फंक्शन फाटलं तरी मशीन फाटत नाही. ४५ वर्षांहून जुनी गोष्ट आहे आणि अजून शिकण्यासारखी.

१ ÷ एक्स² चं −१ ते १ केलं, मॅथ एरर. हाताने केलं तर −२ येते. कोण बरोबर?

कॅल्क्युलेटर बरोबर. सगळीकडे पॉझिटिव्ह असलेल्या फंक्शनचं क्षेत्रफळ उणे दोन कसं येईल बे? शून्यावर ते फुटतं, इंटिग्रल अस्तित्वातच नाही. मधला ठिपका नेमका शून्यावर पडला म्हणून एरर मिळाला, नशीब समजा. लिमिट −१ ते २ असती तर एखादा भरमसाठ आकडा येऊन तुम्ही तो उतरवून मोकळे झाले असते. आधी बघा फंक्शन मधे कुठे फुटतं का, मोडतं का, चिन्ह बदलतं का. मोडत असेल, मॉड्युलस वगैरे असेल, तर तिथेच तोडून दोन इंटिग्रल करा.

टाइम आउट येते.

टॉलरन्स फार बारीक दिलाय, किंवा फंक्शन टोकावर वाईट आहे, किंवा फार वळवळतं. तुकडे करा. नाहीतर चहा पिऊन या, ईएस तसाही संथच आहे.

माह्याकडे साधा ८२एमएस आहे, इंटिग्रेशनचं बटणच नाही. आणि गेट परीक्षेच्या स्क्रीनवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये पण नाही म्हणे.

नाही, गेटच्या व्हर्च्युअल कॅल्क्युलेटरमध्ये ते बटण नाही आणि आपला स्वतःचा नेता पण येत नाही. म्हणून हाताने करायची सवय लागते. चार भाग, सिम्पसन, पाच किमती, एम प्लसमध्ये (मेमरीत बेरीज करणारं बटण) टाकत जा. आधी टोकाच्या दोन, मग विषमवाल्या ४ ने गुणून, मग उरलेल्या २ ने गुणून. मेमरी आधी रिकामी करा, मागच्या गणिताचा कचरा त्यात असतोच.

हाताने करताना लोकं घाबरतात की चार दशांश घेतले तर शेवटी चूक वाढत जाईल. नाही वाढत. सिम्पसनची सगळी वजनं मिळून बी − ए एवढीच होतात, त्यामुळे प्रत्येक किमतीत जास्तीत जास्त ०.००००५ ची चूक असेल आणि लिमिट ० ते १ असेल तर उत्तरातपण तेवढीच, त्याच्यापेक्षा जास्त नाही. बारावीला बोर्डात लॉग टेबल घेऊन बसलेल्यांना हे सांगायची गरजच पडत नाही, चार दशांशात आयुष्य गेलंय.

ज्यांच्याकडे ९९१ईएस आहे त्यांना एक जुगाड सांगतो. त्यात सिग्मा (बेरजेचं चिन्ह) आहे, शिफ्ट दाबून बेसवाल्या लॉगचं, म्हणजे चौकोन काढलेलं लॉगचं बटण. त्यात ४ ÷ (१ + ((एक्स − ०.५) ÷ १०)²) टाका, १ ते १०, आणि शेवटी १० ने भागा. हा मिडपॉइंट रूल झाला, एका ओळीत, उत्तर ३.१४२४. आणि त्याच भागांचं ट्रॅपेझॉइडल काढलेलं असेल तर (२ × मिडपॉइंट + ट्रॅपेझॉइडल) ÷ ३ करा, सिम्पसन फुकट. ठिपके एकसाथ बघायचे असतील तर टेबल मोड आहे, तो ८२ईएस मध्ये पण आहे, आणि मला विचाराल तर इंटिग्रेशनच्या बटणापेक्षा टेबल मोड जास्त कामाचा, कारण त्यात फंक्शन कुठे उडतंय ते डोळ्याने दिसतं.

किती भाग घ्यायचे हे कसं ठरवायचं?

एकदा काढा, दुप्पट करून परत काढा, फरक बघा. ई^(−एक्स²) चं ० ते १, सिम्पसन दोन भागांत ०.७४७१८०४, चार भागांत ०.७४६८५५४. फरकाला १५ ने भागा, ०.००००२ च्या आसपास. म्हणजे चार भागांच्या उत्तरात साधारण एवढी चूक असेल. खरी चूक ०.००००३ आहे. अंदाज अगदी तंतोतंत नाही पण चुकीची जात कळली, पहिले चार दशांश कुठे डळमळतात ते कळलं, पुरे आहे. पेपरात कोणी दहा दशांश मागत नाही, आणि स्क्रीनवर दहा दिसतात म्हणून सगळे खरे नसतात.

याचा खऱ्या आयुष्यात उपयोग होते का, का फक्त पेपरापुरतं?

सिव्हिलवाल्यांना विचारा. प्लॉटची एक बाजू नाल्याच्या काठाने वाकडी जाते, तर चेन टाकून दर १० मीटरवर ऑफसेट (चेनपासून काठापर्यंतचं अंतर) घेतात. समजा आले ३.२, ४.१, ५.०, ४.६, ३.८, ३.०, २.४ मीटर. ट्रॅपेझॉइडल २३३ चौरस मीटर, सिम्पसन २३३.३३. पाव-अर्ध्या मीटरवरून वाद घालू नका, कारण टेप १० सेंटीमीटरने सगळीकडे चुकली असेल तर ६० मीटर लांबीला ६ चौरस मीटर गेले. तिथे पद्धत सुधारण्यापेक्षा टेप ताणून धरा.

आणि माझा स्वतःचा एक प्रयोग. नागपूरच्या बर्डीवरून रामटेकला गाडीने गेलो, मागे बसलेल्या मित्राला सांगितलं दर १० मिनिटांनी स्पीड लिहून घे. ०, ४०, ५५, ६०, ५०, ५८, आणि पोहोचल्यावर ०. तासाभराचा रस्ता. ट्रॅपेझॉइडलने ४३.८ किमी आले, सिम्पसनने ४६.८. गाडीच्या मीटरवर ४९. मित्र म्हणाला बघ, सिम्पसन हुशार. हुशार वगैरे काही नाही. ट्रॅपेझॉइडल समजतो की पहिली १० मिनिटं मी शून्यापासून हळूहळू वाढत ४० वर पोहोचलो, खरं तर अर्ध्या मिनिटातच ४० वर होतो. सिम्पसनने टोकाच्या शून्यांना कमी वजन दिलं आणि शेजारच्या ४० आणि ५८ ला जास्त, म्हणून तो चुकून जवळ गेला. रस्त्यात सिग्नल, कामठीची गर्दी, म्हैस, हे सगळं दोन रीडिंगच्या मधे घडून गेलं आणि त्याचा एकही ठिपका आमच्या कागदावर नव्हता. पुढच्या वेळी दर मिनिटाला लिही म्हटलं तर तो गाडीवर बसायलाच तयार नाही.

पेपरात बटण दाबून उत्तर लिहिलं तर मार्क मिळतात का?

नाही. तक्ता लिहा, वजनं लिहा, मग बटणाने तपासा. उलट्या क्रमाने केलं की तपासणाऱ्याला लगेच कळते, कारण चार भागांच्या सिम्पसनचं उत्तर म्हणून तुम्ही ३.१४१५९२६५४ लिहिलेलं असतं.